एकेचाळीस गाड्या आणि एक मेंदू

ज्या मनुष्याने आयुष्याची वीस वर्षे गाड्या सरळ रेषेत उभ्या करण्यात घालविली, त्याच्या हातून एके दुपारी एक गाडी वाकडी लागली. ती हकीकत अशी.

नव्या गाड्या विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या मागे भिंतीने वेढलेले एक आवार होते आणि त्याचे जाळीचे फाटक बाजूच्या रस्त्यावर उघडत असे. त्यास सर्वजण यार्ड म्हणत. या यार्डाचा सर्व कारभार ज्याच्या हाती होता, त्यास किल्लीदार असे नाव पडले होते. कारण त्याच्या खोलीत एक लाकडी फळा होता, फळ्यावर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका गाडीची किल्ली लटकत असे. किल्लीदार साठीला टेकलेला, अंगाने काटक, बोलण्यात कमी आणि शिस्तीत कडक होता. दोन गाड्यांमध्ये वीतभर अंतर, सगळ्यांची नाके एका ओळीत, आणि जी गाडी आधी आली ती सर्वांत आत, हा त्याचा नेम. समोर रस्त्यापलीकडे ज्याचे दुकान होते, तो सलूनवाला त्याचा जिवलग मित्र. त्याच्या खुर्चीत बसून दाढीचा फेस गालावर असताना किल्लीदार एकदा मोठ्या अभिमानाने म्हणाला होता, "माझ्या यार्डात एक गाडी जरी वाकडी दिसली ना, तर समज, मी मेलो."

"मेलास तर दाढीचं काम तेवढं वाचेल माझं," असे म्हणून सलूनवाल्याने त्याची मान वर केली होती.

परंतु वर्षभरापासून या धंद्यावर विचित्र संकट ओढवले होते. कारखान्यातून गाड्या येईनाशा झाल्या. गाडीच्या पोटात हाताच्या तळव्याएवढी एक काळी डबी असते. इंजिनास केव्हा जागे व्हावे आणि केव्हा झोपावे, हे तीच सांगते. त्या डबीला यार्डातली माणसे मेंदू म्हणत. जगात कोठेतरी हे मेंदू बनविण्याचे काम अडले आणि त्यापायी सर्व कारखाने अडले. शेवटी कारखान्याने एक युक्ती केली. तयार झालेले सांगाडे ठेवायला जागा उरली नाही, म्हणून त्याने मेंदू नसलेल्या गाड्याच दुकानांकडे धाडून दिल्या आणि मेंदू मागाहून येतील असे कळविले. अशा एकेचाळीस गाड्या किल्लीदाराच्या यार्डात येऊन उभ्या राहिल्या. रंग झळझळीत, काचा निर्मळ, गाद्यांवरचे प्लास्टिकही निघालेले नाही. आणि प्राण मात्र एकीतही नाही.

एक मेंदू तेवढा होता. प्रदर्शनाच्या जुन्या गाडीतून तो काढलेला होता आणि त्याची एकच किल्ली होती. रस्त्यापलीकडे सलूनला लागून असलेल्या वर्कशॉपच्या मिस्त्रीने त्यावर काही कारागिरी करून असे साधले होते की, तो मेंदू ज्या गाडीत बसवावा ती गाडी त्या एका किल्लीने सुरू होई. मेंदू उपसला की गाडी जागच्या जागी मेली. तिचा हँडब्रेकही बटणाचा असल्यामुळे चाके अशी आवळली जात की दहा माणसांनी ढकलली तरी ती तसूभर हलत नसे. तात्पर्य, फळ्यावर एकेचाळीस किल्ल्या लटकत होत्या, त्या सर्व देखाव्याच्या. आणि बेचाळिसावी किल्लीदाराच्या खिशात होती, ती खरी.

मालकाने सर्वांस बजावले होते, "मेंदूचं नाव बाहेर काढायचं नाही. लोकांना कळलं तर उद्या सगळे दुसऱ्या कंपनीच्या दारात उभे राहतील. विचारलं तर सांगायचं, कागद यायचे आहेत."

यावर किल्लीदाराने आपल्या पदरची एक भर घातली होती, आणि ती त्याची चूक होय. दुकान चालते आहे असे रस्त्याला दिसावे म्हणून तो रोज सकाळी तो एक मेंदू या गाडीतून त्या गाडीत बसवून तीनचार गाड्या फिरवी. निळी गाडी पुढच्या फाटकाने बाहेर काढी, चौकाला वळसा घाली आणि मागच्या दाराने आत आणी. मग पांढरी. मग करडी. पाहणाऱ्यास वाटे की काय ही विक्री! हे सोंग त्यास इतके साधले होते की त्यातला खोटेपणा त्याच्या मनातून पार निघून गेला होता आणि उरला होता तो केवळ हाताचा अभिमान.

त्याचा जावई याच दुकानात गाड्या विकण्याच्या कामावर होता. जावई हा दहावा ग्रह असतो असे म्हणतात. या ग्रहाचा विशेष हा की तो गोड होता. त्याच्या जिभेवर साखर होती म्हणून सगळे त्यास साखऱ्याच म्हणत. कोणाही गिऱ्हाईकाला नाही म्हणणे त्याच्याने होत नसे. "पुढच्या आठवड्यात" हे दोन शब्द तो अशा आर्जवाने उच्चारी की ऐकणाऱ्याला गाडी मिळाल्याचाच आनंद होई. किल्लीदाराला तो मनापासून आवडत नसे. परंतु मुलीचा जीव त्याच्यात होता, तिला आठवा महिना लागला होता, आणि त्या दिवशी सकाळी उंबरठ्यात उभी राहून ती म्हणाली होती, "बाबा, काल रात्री ह्यांना कुणीतरी फोनवर धमकी दिली. मला सांगत नाहीत. संध्याकाळी त्यांना एकटं सोडू नका हं. सोबत घेऊनच या."

"आणतो. तुझा नवरा काय कोणी पळवून नेतंय? विकायला काढला तरी कोणी घेणार नाही."

ती हसली नाही. तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाला, "आणतो म्हटलं ना. धडधाकट आणतो."

धमकी देणारा होता खाणवाला. त्याच्या दगडाच्या खाणी होत्या आणि त्याचा स्वभावही त्याच दगडाचा होता. नऊ महिन्यांपूर्वी त्याने सर्वांत भारी लाल गाडी पसंत केली, आणि साखऱ्याने तीच गाडी यार्डात नेऊन दाखविली, काचेवर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटविली आणि म्हटले, "ही तुमचीच. कागद आले की चाक तुमच्या हातात." खाणवाल्याने सगळ्या गावात सांगितले की गाडी घेतली. त्यानंतर नऊ महिने तो पायीच दिसला म्हणा, किंवा जुन्या खटाऱ्यात दिसला म्हणा, एकूण लोक हसू लागले. दुसऱ्या एका खाणीच्या मालकाने तर भर बाजारात विचारले, "गाडी घेतलीस ती काय फोटोतच चालवतोस?" आणि खाणवाला रोज त्या रस्त्यावरून जाता येता पाहत होता की यार्ड गच्च भरलेले आहे आणि त्यातून सकाळी गाड्या बाहेर पडत आहेत. दुसऱ्यांना मिळतात, मला नाही! त्याच्या जागी कोणीही असता तरी त्याच्या डोक्यात हाच विचार आला असता.

दुपारी तीनच्या सुमारास, मालक परगावी गेलेला असताना, खाणवाला आला. सोबत चार माणसे होती. त्यांपैकी एक त्याचा आतेभाऊ, रेड्यासारखा अंगाचा, जो कधीच बोलत नसे आणि ज्यास सगळे मुका म्हणत. त्यांनी पहारेकऱ्याला त्याच्याच खोलीत कोंडले, मागचे दार लावून घेतले, फाटकाला आतून साखळी घातली आणि साखऱ्याला दुकानातून कॉलर धरून फरफटत यार्डात आणले. साखऱ्याचा एक बूट वाटेतच राहिला होता. त्याची पांढरी विजार गुडघ्यावर फाटली होती.

"साहेब, ऐका तर खरं," साखऱ्या म्हणत होता, "पुढच्या आठवड्यात..."

ते दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले मात्र, मुक्याने हातातील लोखंडी पाना आडवा फिरविला. तो साखऱ्याच्या बरगडीवर बसला. सुक्या फांदीसारखा आवाज झाला आणि साखऱ्या कमरेत मोडून खाली बसला.

किल्लीदार धावत पुढे आला. "अहो, काय चाललंय हे! सोडा त्याला!"

"तूच ना किल्ल्यांचा म्हातारा?" खाणवाला म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "माझी लाल गाडी काढ. कागद गेले खड्ड्यात. बिनकागदाची नेतो."

"मामा, द्या त्यांना," साखऱ्या जमिनीवरून कण्हला. सासऱ्यास तो मामा म्हणत असे. "देऊन टाका."

आता किल्लीदारापुढे मोठा पेच पडला. इकडे आड तिकडे विहीर. परंतु जावयाच्या तोंडातून रक्ताची तार लोंबताना पाहून त्याने मालकाची ताकीद बाजूस सारली आणि खरे ते सांगितले. मेंदू काय, तो कसा एकच आहे, गाड्या कशा मेलेल्या आहेत, सर्व सांगितले. एका गाडीचे बॉनेट उघडून रिकामी जागाही दाखविली.

सत्य सांगितल्याने संकट टळते असे पुस्तकांतून वाचावयास मिळते. येथे उलट झाले. खाणवाल्याने त्या रिकाम्या जागेत बोट घालून पाहिले.

"म्हणजे रोज सकाळी ज्या गाड्या निघायच्या, त्या?"

"त्या... त्याच एका मेंदूवर फिरवायचो."

"कशाला?"

किल्लीदाराने बॉनेट खाली घेतले.

"मला दाखवायला," खाणवाला म्हणाला. "नऊ महिने मी जळावं म्हणून. लोक मला हसतायत आणि तुम्ही इथे सर्कस करताय." आणि मग त्याने स्वतः पुढे होऊन साखऱ्याच्या तोंडावर लाथ घातली. पहिल्या लाथेला साखऱ्याने हात आडवा केला. दुसरीला हात आला नाही.

"एक मेंदू आहे ना? मग तो माझ्या गाडीत बसव."

"बसवतो. पण तुमची गाडी सर्वांत आत आहे. सगळ्यांच्या आधी आली ती. भिंतीला लागून. तिच्यापुढे सहा गाड्या आहेत, आणि एकेकीला मेंदू लावून बाहेर काढल्याशिवाय..."

"मग काढ. प्रत्येक गाडीला मी शंभर आकडे मोजणार. शंभराच्या आत जागेवर लागली नाही, तर याला एक." त्याने मुक्याकडे पाहिले. मुक्याने पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

याप्रमाणे तो भयंकर खेळ सुरू झाला. किल्लीदाराने पहिल्या गाडीचे बॉनेट उघडले, दोन चिमटे दाबले, मेंदू बसविला, आत उडी घेतली, बटण दाबले. गाडी जागी झाली. ती फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत नेली, वीतभर अंतर राखून लावली, बॉनेट उघडले, मेंदू उपसला, धावला. मागून खाणवाल्याचे मोजणे ऐकू येत होते, शांत, एका लयीत, शाळेतल्या पाढ्यासारखे. "ब्याण्णव. त्र्याण्णव." पहिली साधली. दुसरीही साधली.

तिसरीला चिमटा अडकला. किल्लीदाराने नख घातले, नख उलटे झाले, चिमटा सुटला. पण गाडी जागेवर लागेपर्यंत शंभर होऊन गेले होते. मुक्याने साखऱ्याचा हात एका गाडीच्या टायरवर ठेवून पाना मारला. साखऱ्याने फोडलेली किंकाळी माणसाची वाटत नव्हती.

"आई गं! मामा! मामा, लवकर!"

"ओरडू नकोस," खाणवाला म्हणाला. "आकडा चुकतो माझा."

किल्लीदाराने वर पाहिले. फाटकाच्या जाळीतून पलीकडचे सलून दिसत होते. सलूनवाला दारात उभा राहून वस्तरा पुशीत होता. त्याने यार्डाकडे पाहिलेही. गाड्या हलत आहेत, म्हातारा इकडून तिकडे धावतो आहे, रोजचेच! त्याने हात वर करून रामराम केला आणि आत वळला. किंकाळी रस्त्यावरच्या गाड्यांच्या गोंगाटात विरून गेली होती. जे सोंग इतके दिवस गिऱ्हाइकांसाठी वठविले, त्याच सोंगाने आज एकुलत्या एका साक्षीदाराचे डोळे बांधले होते. किल्लीदाराला वाटले, आपणच आपल्या हाताने या भिंती उंच केल्या.

चौथी गाडी साधली. पाचवीला पुन्हा उशीर झाला. या वेळी पाना साखऱ्याच्या जबड्यावर बसला. त्यानंतर साखऱ्या ओरडला नाही. त्याचा जबडा एका बाजूस लोंबत होता आणि घशातून नुसता गुरगुर असा आवाज येत होता. ज्या तोंडाने वर्षभर लोकांना गोड स्वप्ने वाटली, त्या तोंडातून दोन दात सिमेंटवर पडलेले किल्लीदाराने पाहिले. त्याला मुलीचा सकाळचा चेहरा आठवला, आणि 'धडधाकट' हा आपलाच शब्द आठवला.

तेव्हाच त्याला दुसराही एक शब्द आठवला. वाकडी.

सहावी गाडी त्याने बाहेर काढली. ती पांढरी, लहान, सलूनवाल्याच्या नावाची चिठ्ठी असलेली होती. कारण तो मित्रही सात महिन्यांपासून रांगेत होता, आणि त्यालाही हेच सांगितलेले होते की कागद यायचे आहेत. किल्लीदाराने ती ओळीत नेली नाही. त्याने चाक पूर्ण फिरविले आणि गाडी फाटकाला आडवी, तिरपी, शेपूट एकीकडे आणि नाक जाळीला भिडलेले, अशी उभी केली. आयुष्यात प्रथमच. चोरी केल्यासारखा त्याने मेंदू उपसला.

"ही अशी का लावली?" खाणवाल्याने विचारले.

"हात थरथरतायत. म्हातारा माणूस आहे हो मी."

खाणवाल्याने त्याच्या कानशिलात मारली. किल्लीदार पांढऱ्या गाडीवर आदळला. तरी बाजूने एक गाडी जाईल एवढी वाट उरली होती. मात्र सरळ नव्हे, पुढे मागे करीत.

आता लाल गाडीची पाळी आली. नऊ महिन्यांची धूळ झटकून मेंदू तिच्यात बसला. घाई दाखवीत किल्लीदाराने बॉनेट नुसते टेकविले, दाबून बंद केले नाही. बटण दाबताच गाडी गुरगुरली. खाणवाल्याच्या चेहऱ्यावर एक क्षणभर लहान मुलासारखा आनंद दिसला. काचेवरची आपल्या नावाची चिठ्ठी त्याने नखाने खरवडून काढली, घडी घालून खिशात ठेवली.

"झालं ना आता? सोडा त्याला," किल्लीदार म्हणाला.

"सोडतो. आधी जरा फिरवून आणतो. नऊ महिने याने मला फिरवलं." त्याने खूण केली. माणसांनी गाडी ओढण्याचा पट्टा काढला, साखऱ्याच्या मनगटांना बांधला आणि दुसरे टोक लाल गाडीच्या मागच्या कडीला अडकविले. "चौकाला वळसा घालू. तुम्ही घालता तसाच."

"पाया पडतो तुमच्या. माझी लेक पोटुशी आहे हो!"

"मग तिला सांग, पुढच्या आठवड्यात येतील."

त्याची माणसे हसली. मुका तेवढा हसला नाही. खाणवाला चाकापाशी बसला, फाटकापाशी पोचलो की साखळी काढा असे माणसांस सांगितले, दार लावले आणि गाडी निघाली. पट्टा ताठ झाला. साखऱ्या पोटावर पालथा पडला आणि सिमेंटवरून सरकू लागला; त्याच्या मागे एक ओला तांबडा पट्टा उमटत गेला. दहा हात. पंधरा हात. मग वाकडी गाडी आडवी आली. खाणवाल्याला थांबावे लागले, मागे घ्यावे लागले. मागे घेताना मागचे चाक साखऱ्याच्या डोक्यावर चढते की काय, असे झाले.

किल्लीदाराने विचार केला नाही. तो गाडीच्या पुढे झेपावला, टेकविलेले बॉनेट दोन्ही हातांनी वर फेकले. खाणवाल्याच्या डोळ्यांपुढे लाल पत्र्याची भिंत उभी राहिली. त्याने गोंधळून गाडी पुढे दामटली. किल्लीदार लाल गाडी आणि पांढरी गाडी यांच्यामध्ये मांडीपाशी दाबला गेला. हाड मोडल्याचे त्याला कळले, दुःख मात्र कळले नाही. त्याने तापलेल्या यंत्रात हात घातला, कातडी चरचरली, बोटांना ते दोन चिमटे सापडले. डोळे मिटूनही सापडले असते. त्याने मेंदू उपसला.

गाडी मेली.

खाणवाला बाहेर आला तेव्हा किल्लीदार पांढऱ्या गाडीला टेकून, भाजलेल्या मुठीत ती काळी डबी धरून उभा होता. दुसऱ्या हातात चाकाचा पाना होता. तो कोठून आला हे त्यालाही सांगता आले नसते.

"आण इकडे," खाणवाला म्हणाला.

"आधी पट्टा सोड."

"म्हाताऱ्या, आण!"

"या यार्डात हा एकच आहे. एक पाऊल टाकलंस तर तुझी गाडी जन्मभर इथेच."

खाणवाल्याने पाऊल टाकले. किल्लीदाराने डबी पांढऱ्या गाडीच्या पत्र्यावर ठेवली आणि पाना मारला. एकदा. दोनदा. तिसऱ्या घावाला तिचे हिरवे तुकडे सांडले, बारीक, नखांएवढे. एकेचाळीस गाड्या एका क्षणात सारख्या झाल्या.

मग खाणवाला त्याच्यावर तुटून पडला. मार किती बसला याचा हिशेब किल्लीदाराने कधी कोणास दिला नाही. एवढे त्याला आठवते की, खाली पडल्यावर त्याला गाड्यांच्या खालून फाटकापलीकडचा रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यावरून एक जोडी चपला धावत येत होती. तिच्यामागून पुष्कळ बूट.

सलूनवाला गिऱ्हाइकाच्या मानेचे केस काढून आरसा दाखवीत असताना त्या आरशात त्याला यार्ड दिसले होते. जाळीला नाक लावून उभी असलेली तिरपी पांढरी गाडी. त्याने आरसा खाली ठेवला, म्हणाला, "म्हातारा मेला," आणि हातात वस्तरा तसाच घेऊन धावला. वर्कशॉपच्या सात मिस्त्र्यांना त्याने वाटेत हाका मारल्या. फाटकाची साखळी कटरने तुटली. त्यानंतर जे झाले ते पाहण्यासारखे नव्हते. मिस्त्र्यांच्या हातांत हातोडे होते. खाणवाल्याची तीन माणसे मागच्या भिंतीवरून पळाली. मुका पळाला नाही. त्याने पाना टाकला, खाली वाकला आणि साखऱ्याच्या मनगटाचा पट्टा सोडविला, आणि पाठीवर घाव पडत असतानाही गाठ सुटेपर्यंत उठला नाही. का, ते त्याने सांगितले नाही. खाणवाला आपल्या लाल गाडीच्या दाराला धरून राहिला. बोटे ठेचली तरी त्याने दार सोडले नाही. अखेर पोलिसांनी त्याला सोडविले.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात किल्लीदार चाकाच्या खुर्चीवर बसला होता. मांडीला फळी बांधलेली, हातावर पट्टी. आत साखऱ्याच्या जबड्याला तारा घालीत होते. जीव वाचला होता. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ती बापाकडे पाहून म्हणाली, "आणलंत."

"धडधाकट नाही आणता आला."

"आणलंत ना, बाबा." मग तिने तोंडावर पदर घेतला.

सलूनवाला शेजारच्या बाकावर बसला होता. त्याच्या सदऱ्यावर रक्त होते, ते कोणाचे हे कळण्यास मार्ग नव्हता. त्याने विचारले, "मिस्त्री काहीतरी सांगत होता. मेंदूबिंदू. खरं का?"

"खरं."

"माझी पांढरी?"

"तिलाही नव्हता. कधीच नव्हता."

"मी तुझी दाढी करत होतो. रोज. सात महिने. आईला दवाखान्यात न्यायला गाडी हवीय म्हणून तुलाच विचारत होतो. तू फेसातून म्हणायचास, कागद यायचेत."

किल्लीदाराने उठू पाहिले, पण मांडीची फळी आड आली.

सलूनवाला उठला, त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने एक थप्पड मारली. फार जोराची नव्हे. त्या दिवशी किल्लीदाराने जेवढे मार खाल्ले त्यांत सर्वांत हलकी हीच होती. आणि डोळ्यांतून पाणी आले ते मात्र हिनेच. मग तो मित्र पुन्हा बाकावर येऊन बसला, आणि किल्लीदाराच्या हातावरची सुटू लागलेली पट्टी नीट गुंडाळू लागला.

साखऱ्याला आत नेताना काढून दिलेला त्याचा फोन किल्लीदाराच्या खिशात होता. तो वाजू लागला. मुलीने मान वर केली. फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

"कोण?" सलूनवाल्याने विचारले.

"रांगेतला कोणीतरी. रोज या वेळी विचारतात."

"मग उचल."

किल्लीदाराने फोन कानाला लावला. पलीकडून एक म्हातारा आवाज अदबीने विचारीत होता की, आमच्या गाडीचं काही कळलं का, पुढच्या आठवड्यात म्हणाले होते.

"नाही," किल्लीदार म्हणाला. त्याचा ओठ फाटलेला होता, शब्द नीट येत नव्हते, तेव्हा त्याने पुन्हा सावकाश सांगितले. "पुढच्या आठवड्यात नाही. गाडीत मेंदू नाही. कधी येईल, मला माहीत नाही."